बोथाटीला घोडा हवा

वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत, मिरजकर तिकटीच्या थोडं अलीकडे, एक घोडा बुजला. घडलं एवढंच. कुणाला लागलं नाही, मिरवणूक थांबलीसुद्धा नाही. लग्नाच्या वरातींना देतात तसला पांढरा घोडा होता, वर सरदाराच्या वेशातला विशीतला मुलगा. पुढे हलगी कडाडत होती, दिवसभर तापलेल्या डांबराची धग अजून पायाला लागत होती. फोटोसाठी कुणीतरी हाक मारली तशी मुलानं कमरेची तलवार उपसली आणि घोड्याच्या मानेशेजारून पुढे उगारली. हॅलोजनचा उजेड पात्यावर पडला आणि पातं घोड्याच्या उजव्या डोळ्यापुढून सर्रकन गेलं. घोडा मागच्या पायांवर दबला, आडवा फिरला, टापा घसरल्या. नाल रस्त्यावर घासल्याचा आवाज हलगीच्या कल्लोळातही ऐकू आला. घोडेवाल्यानं झेप घेऊन लगाम धरला, घोड्याच्या नाकाडावर तळवा ठेवला, तोंडानं काहीतरी पुटपुटत त्याला उभा केला. मग वर बघून मुलाला म्हणाला, "दादा, पातं त्याच्या डोळ्याम्होरनं न्हेऊ नगा. त्यानं तलवार कवा बघितलीया?"

मुलानं मान हलवली, तलवार म्यान केली आणि मिरवणूक पुढे सरकली. मी ते वाक्य घेऊन घरी आले. तलवार माणसाला शिकवावी लागते हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. इथं पेठेपेठेत ती शिकवणारी माणसं आहेत. पण ती घोड्यालाही शिकवावी लागते, आणि घोडदळाच्या काळात त्या शिक्षणाचा निम्मा वाटा घोड्याचा होता, हे आमच्यातल्या कितीजणांच्या ध्यानात उरलंय?

माझं लहानपण शिवाजी पेठेत गेलं. संध्याकाळी तालमीपुढच्या मोकळ्या जागेत पाणी मारून धूळ बसवायचे. त्या ओल्या मातीचा आणि हत्यारांना चोळलेल्या खोबरेल तेलाचा मिळून एक वास यायचा. तेव्हा मुली फारशा नसायच्या, पण वडील तालमीतले म्हणून मला कुणी अडवलं नाही. आधी लाठी, मग फरी-गदका, म्हणजे छोटी ढाल आणि सोटा. पट्टा हातात पडायला बराच काळ जावा लागला, कारण पट्टा चढवला की मनगट संपतं. कोपरापर्यंत लोखंडी खोळ, तिच्या आत आडवी मूठ, पुढे लवलवतं, लांब, सरळ पातं. मनगट वळवता येत नाही, म्हणून सगळा फेर कोपर, खांदा आणि कमरेतून काढायचा. हलगी, घुमकं, कैताळ यांचा ठेका चढत जातो तसा पट्टा दिसेनासा होतो आणि नुसता त्याचा सुंसुं आवाज उरतो. मला स्वतःला विटा जास्त आवडायचा. आखूड भाला, त्याच्या बुडाला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि हिसक्यासरशी परत हातात घ्यायचा. दोरी तळव्यातून सरकताना कातडं सोलून काढायची. हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि बोथाटी. हिच्याकडे बघणारे नेहमीच कमी, कारण हिला पातं नाही, चमक नाही. लांब काठी, टोकाला चिंध्यांचा आवळून बांधलेला गोळा. गोळा रंगात बुडवायचा आणि समोरच्याच्या अंगावर ठिपका उठवायचा. ज्याच्या अंगाला रंग लागला तो मेला. भाल्याची तालीम आहे ही, आणि मूळची घोड्यावरची. दोन स्वार एकमेकांवर घोडे घालायचे, नाहीतर एकाला बाकीच्यांनी घेरायचं आणि त्यानं सगळ्यांचे हात चुकवत निसटायचं. आमच्याकडे ती जमिनीवर उभं राहून खेळली जायची, घोडा कुणाकडे होता? वस्ताद गुडघे वाकवून, मांड्या फाकवून उभे राहायचे आणि उजव्या हातानं बोथाटी खेळवायचे. डावा हात मात्र बेंबीपाशी, मूठ अर्धवट मिटलेली. कितीही गिरक्या घेतल्या तरी ती मूठ तिथून हलायची नाही. मी एकदा विचारलं, वस्ताद, डावा हात असा का? ते म्हणाले, "आमच्या वस्तादांचा असाच असायचा."

त्या मुठीत लगाम होता.

हे मला उमगलं चाळिशी उलटल्यावर, घोड्यावर बसायला शिकले तेव्हा. कात्यायनीच्या बाजूला एका माळावर लष्करातून निवृत्त झालेले एक रिसालदार दोन-चार घोडी सांभाळतात आणि येईल त्याला शिकवतात. गडहिंग्लजकडचे. बोलणं मोजकं, आवाज मोठा. त्यांनी मला बरेच दिवस हातात काहीच घेऊ दिलं नाही. आधी खरारा, म्हणजे घोडीचं अंग घासून साफ करणं. मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा कसणं, तंगाखाली दोन बोटं जातात का बघणं, खुरातले खडे काढणं. मग बिनरिकिबीचं बसणं, दुडकीत, म्हणजे हळू धावण्यात, हाडं खिळखिळी होईपर्यंत. "मांड पक्की न्हाई तर हातातलं हत्यार पयल्यांदा तुमच्याच घोडीचा कान कापंल, ताई," असं ते म्हणायचे. मांड म्हणजे नुसतं घट्ट बसणं नव्हे, हे अंगानं कळायला वेळ लागतो. घोडी आणि आपण यांच्यात मांड्यांतून सतत एक बोलणं चालू असतं. कमरेचा भार जरा डावीकडे गेला की ती डावीकडे विचार करायला लागते. उजव्या हातात काठी घेऊन खांदा फिरवला की तो भार आपोआप हलतो, आणि घोडीला वाटतं मला वळायला सांगितलं. वार करायचा तर कमरेच्या वरचं अंग एका कामाला आणि खालचं दुसऱ्याच कामाला लावावं लागतं. तालमीत आम्ही कमरेतून वार काढायला शिकलो होतो; घोड्यावर तीच कंबर घोडीला दिलेली असते.

काठी हातात घेण्याचा दिवस आला तेव्हा रिसालदारसाहेबांनी ती आधी मला दिलीच नाही. घोडीला दिली. म्हणजे तिच्या नाकाशी धरली, हुंगू दिली, मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून हळूहळू फिरवली, मग डोळ्यांपुढून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास सगळं वर्तुळ दिसतं. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटामागचा एवढंच काय ते आंधळं. पाठीवरचा माणूस आणि त्याच्या हातातली वस्तूही त्याला दिसत असते. ती वस्तू उजवीकडून डावीकडे नेली की एका डोळ्यातून नाहीशी होते आणि दुसऱ्या डोळ्यात एकदम उगवते. गवत खाणाऱ्या जनावराच्या पाठीवर झेप येते ती अशीच. लाखो वर्षं जी हालचाल दिसताच पळायचं असतं, ती हालचाल त्यानं डोळ्याच्या कडेनं बघायची, आणि पळायचं तर आपल्या पायांनी नाही, वरच्या माणसाच्या टाचेनं. एवढं त्याला शिकवायचं. मिरवणुकीतल्या त्या घोडेवाल्याला हे सगळं एका वाक्यात माहीत होतं.

त्यानंतर नवीन राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात गेले की मी प्रत्येक हत्याराखाली मनातल्या मनात घोडा उभा करून बघते. मग हत्यारांचे आकार बोलायला लागतात. आपली नेहमीची वाकडी तलवार घ्या. मुठीच्या शेवटी जी लोखंडी वाटोळी चकती असते, ती हात सरळ करून भोसकायला गेलं की मनगटात रुतते. म्हणजे ती मूठच सांगते की मनगट मोकळं सोडू नकोस, वार खांद्यातून घे आणि ओढून काप. पळत्या घोड्यावरून असाच वार हवा. पातं समोरच्यात अडकून बसलं तर घोडा पुढे जाणार, तलवार मागे राहणार, किंवा मनगट जाणार. धोप लांब आणि सरळ, कारण खोगिरावरून वाकून खाली पडलेल्या, दबून बसलेल्या माणसापर्यंत पोचायचं तर आखूड पातं पुरत नाही. फिरंगेचं पातं युरोपातलं, गोव्याच्या पोर्तुगिजांकडून आणि इतर व्यापाऱ्यांकडून आलेलं, पण त्यावर बसवलेली मूठ इथली: बोटांना झाकणारी रुंद लोखंडी वाटी, तिच्या आत कापडाची गादी, मागे बाहेर निघालेला सुळका. ती गादी बघताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. धावत्या घोड्यावर वार बसला की त्याचा हिसका मुठीत परत येतो, बोटांची हाडं लोखंडावर आपटतात. कुणाची तरी बोटं सोलवटून निघाली असतील, मग कारागिराला सांगून आत गादी शिवून घेतली असेल. त्या शिवणीत एक दुखरा हात आहे.

पट्ट्याबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि त्यावर माझे तालमीतले मित्र रागावतात. घोडेस्वार पट्टा चालवायचे असं सांगतात, चालवतही असतील. पण पट्टा चढवला की तो हात दुसऱ्या कशाच्याच उपयोगाचा राहत नाही. घोडा अडला, लगाम सुटला, खोगीर फिरलं, तर त्या हातानं आयाळसुद्धा धरता येत नाही. डाव्या दंडाला ढाल, डाव्या मुठीत लगाम, आणि उजवा हात कोपरापर्यंत लोखंडात. नुसत्या मांडेवर एवढा भरवसा ठेवणारा स्वार किती तयारीचा असेल, आणि त्याचा घोडा त्याहून किती! म्हणून माझ्या लेखी पट्टा मुख्यतः पायउतार माणसाचा, आणि स्वाराचं हत्यार म्हणजे भाला.

मराठी घोडदळाची भिस्त भाल्यावर होती आणि तो भाला वेळूचा होता, हे मला फार आवडतं. आपल्या सह्याद्रीत, बावड्याच्या आणि राधानगरीच्या जंगलात माजतो तो वेळू. दहा-बारा फूट लांब, तरी हलका. आदळल्यावर लवतो, म्हणून हिसका खांद्यापर्यंत पोचत नाही. रिसालदारसाहेब मेख उचलायला शिकवतात तेव्हा हे हाताला समजतं. लाकडाची मेख जमिनीत पुरलेली, थोडीच वर आलेली. नवशिक्यांना सहा सेंटिमीटर रुंद, मग चार, आणि स्पर्धेत शेवटी अडीच. घोडा भरधाव सुटला की सेकंदाला दहा-बारा मीटर जातो. वारा कानात भरतो, डोळ्यांतून पाणी येतं, टापांचे चार ठोके एकात एक मिसळतात. अशा वेळी हातानं मारायला जायचंच नसतं. तीन-चारशे किलोचं जनावर त्या वेगानं निघालंय, मारणार ते. हातानं फक्त टोक खाली आणून जागेवर धरायचं, आणि टोचलं की हात सोडायचा म्हणजे मागे जाऊ द्यायचा. भाला आपल्याच वेगानं मागे फिरतो, वर येतो, टोकाला मेख असली तर असते. तो हात मागे जाऊ न देणाऱ्याचा खांदा निखळतो. ज्या खांद्यानं आयुष्यभर लाठी फिरवलीय त्याला हे सोडणं फार जड जातं.

शिवरायांचं चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र आहे, बहुतेकांनी वाचलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुळांना त्रास द्यायला लागाल, असं त्यात बजावलंय. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवून नेईल, इथवर. हे पत्र शाळेत आम्हाला रयतेच्या काळजीचं म्हणून शिकवलं, आणि ते तसं आहेच. पण आता ते मला शस्त्रागाराचं पत्र वाटतं. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. वेळेवर पाणी, वेळेवर नाल, वेळेवर चंदी म्हणजे दाणा. भाल्याचं टोक इतकं मागून, तोबऱ्यापासून सुरू व्हायचं. तलवारीची धार लावणाऱ्याइतकाच गवताची गंज राखणारा लढत होता.

गेल्या हिवाळ्यात नेसरीला गेले होते. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती खिंड. ऊसतोड चालू होती, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वाऱ्यावर कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड करपट वास. स्मारकापाशी उभं राहिल्यावर ऊर भरून येतो. मलाही आला, तो मी लपवणार नाही. पण घोड्यावर बसायला लागल्यापासून तिथं एक दुसरीही कळ उठते. समोर हजारोंची फौज, तिचा गलबला, धूळ, हत्तींचा वास, आणि त्या दिशेनं सात घोडी थांबली नाहीत. घोडं स्वतःहून असल्या गर्दीत शिरत नाही. पाठीवरच्या माणसावर त्याचा किती भरवसा बसलेला असला पाहिजे! भीमथडीची असतील, अंगानं लहान, काटक, दिवसभर दौड मारून मूठभर चंदीवर भागवणारी. त्या भीमथडी घोड्याची आता कुठं स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झालीय, इतकी ती मागे पडली. माणसांनी अपमानाची भरपाई म्हणून, धन्याच्या शब्दाखातर मरण पत्करलं. घोड्यांना धनीही नव्हता आणि शब्दही नव्हता, होती फक्त टाच. अभिमान आणि ही कळ एकाच छातीत मावते का? माझ्या तरी मावते, पण एकमेकींना शांत बसू देत नाही.

म्हणूनच मिरवणुकीतल्या घोड्यांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी जमते, छत्रपतींची मेबॅक गाडी येते, घोडेस्वार येतात, तेव्हा मीही टाचा उंचावून बघते. घोडा दिसला की पोरांचे डोळे कसे होतात ते मी पाहिलंय, आणि तो घोडा रस्त्यावरून नाहीसा व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण डांबरावर तासन्‌तास उभा केलेला, कानाशी साउंड सिस्टिम लावलेला, पाठीवर कधी घोड्यावर न बसलेला जरीच्या वेशातला माणूस घेतलेला घोडा बघून पोटात कालवतं. तोंडातली कडी ओढून ओढून फेस आलेला असतो आणि लोक म्हणतात, बघा, कसा नाचतोय! तो नाचत नसतो. इतिहास जिवंत करायचा तर त्यातला जो खरोखर जिवंत आहे त्याच्यापासून सुरुवात करा, असं मला प्रत्येक मंडळाच्या मांडवात जाऊन सांगावंसं वाटतं. नकली दाढ्यांवर आणि जिरेटोपांवर होणाऱ्या खर्चाचा चौथा हिस्सा एखाद्या घोड्याच्या सरावावर केला, मुलाला वर्षभर आधी माळावर पाठवलं, तलवार आधी घोड्याला दाखवली, तर दृश्य बदलेल. वेग कमी असला तरी चालेल. मांड पक्की असलेला मुलगा नुसत्या चालीनं गेला तरी लोक बाजूला होतात.

शेवटी मी वस्तादांना माळावर घेऊन गेले. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत, पण बोथाटी त्यांनी स्वतःच बांधून आणली होती, जुन्या धोतराच्या चिंध्यांचा गोळा, वर सुतळीचे आवळलेले वेढे. रिसालदारसाहेबांची आणि त्यांची पाच मिनिटांत जुंपली. काठी कुठं धरायची? वस्ताद म्हणाले, मागच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे पुढे लांबी मिळते. रिसालदार म्हणाले, तोलावर धरा, नाहीतर चौखूर उधळलेल्या घोडीवर टोक खाली बसेल. दोघंही एकमेकांना "तुमचं बरोबर हाय, पण" म्हणत होते. मग वस्तादांनी काठी हातात घेतली, डोळे मिटले आणि उभ्या उभ्या एक फेर काढला. डावी मूठ बेंबीपाशीच. रिसालदार त्या मुठीकडे बघत राहिले. त्यांनी वस्तादांना काही विचारलं नाही, खुंटीवरचा लगाम काढला आणि त्या मुठीत दिला. वस्तादांची बोटं वादीभोवती मिटली, करंगळी एका वादीखाली आणि बाकीची वर, रिसालदार आम्हाला शिकवतात अगदी तशी. त्यांना हे कुणी दाखवलेलं नव्हतं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आमचं काम चालू आहे. घोडी पहिल्यांदा चिंध्यांच्या गोळ्याला घाबरून चार पावलं मागे सरली. मग गोळ्यावर गूळ चोळला, तिनं चाटला. आता गोळा तिच्या कानाजवळून गेला तर कान फक्त फिरवते. दुडकीत ती आणि दुसरी तपकिरी घोडी समोरासमोर येऊन एकमेकींना घासून जातात, त्या घासण्यात माझा गुडघा सोलतो, पण बिचकत नाहीत. तालमीतली दोन पोरं आणि एक पोरगी आता खरारा करायला शिकलीत. त्यांतली पोरगी मांडेला माझ्याहून पक्की आहे. चौखूर अजून लांब आहे. गोळा रंगात कधी बुडवायचा हे घोडी ठरवतील, असं रिसालदार म्हणतात. वस्तादांना ते मान्य आहे. रंग कोणता, यावर मात्र अडलंय: त्यांना काव, म्हणजे तांबडी माती हवीय, कारण त्यांच्या लहानपणी कावच असायची, आणि रिसालदार म्हणतात पांढऱ्या घोडीच्या अंगावरून ती आठवडाभर निघणार नाही, तिला धुणार कोण? त्या पोरीनं हात वर केलाय.